बोर्ड बदलला, बोलणे गेले

एकदा एका कारागिराने आपल्या शिष्याला चारचौघांत वाचवले, आणि त्या वाचवण्याने शिष्याची मान जी खाली गेली, ती पुढे कितीतरी दिवस वर आली नाही. शिक्षेने माणूस लाजतो, हे आपण सारे जाणतो. शिक्षा न झाल्याने माणूस किती लाजू शकतो, ते या गोष्टीत आहे. ऐकणाऱ्याने मधूनमधून स्वतःचीही आठवण काढायला हरकत नाही. मी सांगताना काढतोच.

कारागीर वृद्ध होता. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडामागच्या गल्लीत, त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान होते. तरुणपणी त्याने रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि केस पांढरे झाल्यावर संगणक. सारा गाव त्याला अप्पा म्हणत असे, तेव्हा आपणही अप्पाच म्हणू.

अप्पांची ख्याती एका गोष्टीसाठी होती. संगणक बिघडला की पुष्कळ दुकानांत एकच औषध मिळते. त्याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. आतले सगळे पुसायचे आणि विंडोज नव्याने टाकायची. डोके दुखते म्हणून आलेल्याला नवे डोके बसवून पाठवावे, तसा हा प्रकार. रोगी चालू लागतो, पण घरच्यांना ओळखत नाही. अप्पा हे करत नसत. मदरबोर्ड, म्हणजे ज्या पाटीवर यंत्राचे सारे अवयव बसलेले असतात ती मुख्य पाटी, तीच जळाली तरी अप्पा नवा बोर्ड बसवत आणि मालकाची जुनी डिस्क त्याला अशी जोडून देत, की बटण दाबल्यावर कालचेच घर आज उघडावे. “बोर्ड बदललाय हे मालकाला बिल बघून कळावं, पडदा बघून नाही,” असे ते म्हणत.

त्यांच्या हाताखाली हणमंत नावाचा शिष्य होता. शिष्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोवळे पोर येते. हा बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. याआधी बारा वर्षे तो मोटारी भरत होता. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळते, तेव्हा तिच्या पोटातली जळकी तांब्याची तार काढून नवी भरावी लागते. ते काम करणाऱ्याच्या अंगाला वार्निशचा वास कायमचा चिकटतो. हणमंताचा हात चालणारा होता, बुद्धी तल्लख होती. दोष एकच होता. अडले आहे, हे सांगण्याची त्याला लाज वाटे. ही लाज फार फसवी असते. येत नाही म्हणून माणूस लाजतो, विचारायचे म्हणून आणखी लाजतो, आणि शेवटी नको ते करून मोकळा होतो.

आता तिसरा माणूस. त्याच एसटी स्टँडावर बिडवेअण्णांनी एकतीस वर्षे गाड्यांची घोषणा केली होती. तालुक्यातल्या निम्म्या माणसांना त्यांचा चेहरा ठाऊक नव्हता, पण त्यांचा आवाज सगळ्यांना ठाऊक होता. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” असे ते म्हणाले की भांडणारी जोडपीसुद्धा क्षणभर थांबत. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मन शाबूत, स्मरण शाबूत, डाव्या हाताची दोन बोटे शाबूत. एवढ्या शिदोरीवर पुढचे आयुष्य काढायचे होते.

तेव्हा अप्पांनी त्यांना एक संगणक लावून दिला. लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते. एक यादी करून ठेवली, की दोन अक्षरे टाकताच पूर्ण वाक्य आपोआप उमटते. अण्णांनी ती यादी नऊ वर्षे वाढवली. ‘चद’ टाकले की ‘चहा देतेस का?’ उमटे. ‘पाद’ टाकले की ‘पाय दुखतोय’ उमटे. आणि बायकोला, प्रमिलाबाईंना, बोलावायचे असले की ते पेल्यावर चमचा वाजवत आणि ‘प्रल’ टाकत. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटे, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’ प्रमिलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत येत आणि म्हणत, “आले, आले. कुठली गाडी लागलीय?” अशी अकराशेवर वाक्ये त्या यादीत होती. अण्णांचे सगळे बोलणे त्या यंत्रात होते. दुसरीकडे कुठेच नव्हते.

एके दिवशी तो संगणक बंद पडला. बोर्ड जळाला होता. प्रमिलाबाईंनी रिक्षात घालून तो दुकानात आणला. अप्पांना त्याच दिवशी डोळ्याच्या तपासणीसाठी दोन दिवस जिल्ह्याच्या गावी जायचे होते. निघताना ते हणमंताला म्हणाले, “नवा बोर्ड कपाटात आहे, तो बसव. आतलं काही हलवू नकोस. अडलं तर थांब, मी परवा येतोच आहे.”

हणमंताने बोर्ड सुरेख बसवला. एक स्क्रू तिरका नाही, एक वायर ताणलेली नाही. बटण दाबले. यंत्र सुरू झाले, विंडोज उघडू लागली, आणि मध्येच पडदा निळा झाला. अडचण आली आहे, असे काहीसे लिहून यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पुन्हा निळा पडदा. सहा वेळा तेच.

अप्पा म्हणाले होते, थांब. फोनही खिशात होता. पण हणमंताच्या मनात आले, परवा अप्पा येतील आणि म्हणतील, एवढंही जमलं नाही? दुपारी समोरच्या झेरॉक्सवाल्याने सहज विचारले, “काय हणमंतराव, अडलं का?” आणि हणमंत म्हणाला, “छे, होतच आलंय.” एकदा असे म्हटल्यावर ते होणे भाग होते.

त्याने डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली. अण्णांचे फोटो, पत्रे, पेन्शनचे कागद असे जे डोळ्यांना दिसले ते सगळे जपून बाजूला काढले. ते त्याने निष्ठेने केले, हे सांगितले पाहिजे. मग डिस्क पुसली, नवी विंडोज टाकली, कागद होते तसे परत ठेवले, आणि संध्याकाळच्या आत संगणक बिडव्यांच्या घरी पोचवला. यादीची फाइल यंत्राच्या आतल्या एका लपलेल्या कप्प्यात असते. ती कागदांत नसते, फोटोंत नसते. ती तिथे असते, हे हणमंताला ठाऊक नव्हते.

दोन दिवसांनी अप्पा परत आले. अर्ध्या तासात प्रमिलाबाई दुकानात आल्या. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइके उभी होती. बाई हळू आवाजात म्हणाल्या, “अप्पा, मशीन चालतंय, अगदी नव्यासारखं चालतंय. पण हे त्यात बोलत नाहीयेत.”

अप्पांनी हणमंताकडे पाहिले. हणमंताला सगळे एका क्षणात कळले आणि त्याच क्षणी तोंडातून शब्दही बाहेर पडले. “बोर्ड बदलला की विंडोज नवीन टाकावीच लागते, काकू. तसा नियमच आहे. सगळे कागद परत ठेवलेत मी.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ते हेच. गिऱ्हाइकांपैकी एकाने मान डोलावली. प्रमिलाबाई काही बोलल्या नाहीत. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “चला, घरी जाऊन बघू.”

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अप्पांना पाहून त्यांनी डावा हात उचलला आणि पडद्याकडे वळून ‘प्रल’ अशी अक्षरे टाकली. तिघे उभे राहून बघत होते. पडद्यावर ‘प्रल’ एवढेच राहिले. अण्णांनी ती अक्षरे खोडली आणि पुन्हा टाकली. पुन्हा तेवढेच. मग ‘चद’. मग ‘पाद’. एकाखाली एक बिनअर्थाची अक्षरे उभी राहत गेली आणि अण्णा प्रत्येक वेळी थोडे थांबत होते, वाक्य यायला उशीर होत असेल अशा समजुतीने.

हणमंताला वाटले, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावे. पण धरणी असल्या किरकोळ कामांना येत नाही.

अप्पा पुढे झाले. अण्णांचा डावा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “अण्णा, ही चूक माझी आहे. माझ्या सांगण्याने झाली. मला क्षमा करा.”

हणमंताने तोंड उघडले. “अप्पा…” एवढे म्हणून तो थांबला. पुढचे वाक्य घशापर्यंत आले होते. ते बाहेर आले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सुटका समोर दिसत होती, आणि सुटकेला नको म्हणायला जे बळ लागते ते त्या घटकेला त्याच्याजवळ नव्हते. त्याने तोंड मिटले.

वाटेत तो बोलणी खाण्याची वाट पाहत चालला होता. अप्पा रस्त्यावरच्या भाजीचे भाव विचारत चालले होते. दुकानात आल्यावर अप्पांनी अण्णांच्या यंत्रातून काढून आणलेली डिस्क घेऊन बराच वेळ शोधाशोध केली, पुसलेले काही परत मिळते का ते पाहिले. जिथे यादी होती नेमके तिथेच नव्या विंडोजने बस्तान मांडले होते. एवढेच अप्पांनी सांगितले, डिस्क अण्णांच्या यंत्रात परत लावून आले आणि दिवे मालवले. रागाचा एक शब्द नाही. घरी हणमंताला जेवण गेले नाही. बायकोने विचारले तर म्हणाला, उन्हाने डोके धरलेय. आणखी एक खोटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला तर त्याच्या टेबलावर संगणक नव्हता. तिथे जळक्या वासाची पाण्याची मोटार होती, अर्ध्या हॉर्सपॉवरची, अप्पांच्या घरची.

“ही भर,” अप्पा म्हणाले. “तार आणून ठेवलीय.”

हणमंताला वाटले, झाले. आपली जागा दाखवली. तू मोटारीच भर, हे काम तुझे नव्हे. कानशिले तापली. त्याने निमूटपणे मोटार उघडली. जळकी तार काळी पडून खाचांत घट्ट बसली होती. त्याने छिन्नी उचलली, मग खाली ठेवली. हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. इकडेतिकडे पाहून त्याने एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, पेन्सिल घेतली आणि मोटारीच्या पोटाचे चित्र काढू लागला. कुठली तार कुठून निघते आणि कुठे जाते, ते. मग एका कॉइलचे वेढे एकेक करून मोजले आणि आकडा लिहिला. तारेची जाडी मोजली आणि लिहिली.

“हे काय करतोस?” अप्पांनी विचारले.

“वेढे मोजतोय.”

“जळकी तार ती. भंगारात जाणार. मोजून काय करायचं?”

हणमंत या प्रश्नावर जरा चकित झाला. “अप्पा, एकदा कापली की कशी होती ते कुणालाच सांगता येत न्हाई. ज्यानं भरली त्यालापण न्हाई. म्हणून आधी मोजायचं, लिहायचं, मगच हात लावायचा. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. न मोजता कापली तर थोबाडीत बसायची.”

बोलून झाले आणि त्याचेच शब्द त्याच्या कानात शिरले. पुठ्ठा हातात तसाच राहिला. त्याची मान अशी खाली गेली, की अप्पांना त्याच्या डोक्यावरचा भोवराच तेवढा दिसत होता.

“बारा वर्षं तू हे केलंस,” अप्पा म्हणाले. “मग माझ्या दुकानात का केलं नाहीस?”

“चुकलं, अप्पा.”

“चुकलं ते दिसतंय. का चुकलं ते विचारतोय. तू इथे आलास त्या दिवशी तुझ्या खिशात एक वही होती. लाल पुठ्ठ्याची.”

“मोटारीच्या नोंदींची होती.”

“ती कुठंय?”

“घरी, ट्रंकेत.”

“ट्रंकेत कुणी ठेवायला लावली?”

हणमंताने पुठ्ठा खाली ठेवला. अप्पा खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले. पुढचे बोलताना त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

“मी लावली. मी म्हटलं, मोटारीचं सगळं विसर. इथे येताना पाटी कोरी करून ये. चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. खरं सांगू? तुझ्या हाताला वार्निशचा वास येत होता आणि माझ्या स्वच्छ दुकानात मला त्याची लाज वाटत होती. लोकांच्या यंत्राची पाटी मी कधी कोरी केली नाही, त्याचा मला केवढा गर्व. आणि माझ्या दारात एक जाणता माणूस आला, तर पहिल्याच दिवशी मी त्याला फॉरमॅट मारला. काल मी अण्णांना म्हणालो, चूक माझी आहे. तुला वाटलं, अप्पा खोटं बोलले, मला पाठीशी घातलं. मी खोटं बोललो नाही. मी माझा वाटा सांगितला. तुझा वाटा मी उचललेला नाही. तो तुझ्याकडेच आहे.”

 मग हणमंताने विचारले, “तो निळा पडदा का येत होता, अप्पा?”

जो प्रश्न तीन दिवसांपूर्वी विचारायचा, तो त्याने आज विचारला.

“नवा बोर्ड डिस्कशी नव्या रीतीनं बोलत होता. जुन्या विंडोजला जुनीच रीत ठाऊक. ती बावरली. बोर्डाच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते. तिथे नव्याच्या जागी जुनी रीत लावायची. विंडोज आत शिरते, आपल्या जागेवर बसते, आणि मग बाकीच्या नव्या गोष्टींची ओळख स्वतःच करून घेते. तिला आधी घरात येऊ द्यावं लागतं, इतकंच.”

“एक ओळ,” हणमंत म्हणाला.

“एक ओळ.”

संध्याकाळी हणमंत ट्रंकेतली लाल वही घेऊन एकटाच बिडव्यांच्या घरी गेला. दारात चप्पल काढताना एकदा परत फिरावे असे वाटले. प्रमिलाबाईंनी बस म्हटले, तरी तो बसला नाही.

“अण्णा,” तो म्हणाला, “अप्पांनी पुसायला सांगितलं नव्हतं. हलवू नको म्हणूनच गेले होते. मीच पुसलं. मला जमंना, आणि जमत न्हाई हे सांगायची लाज वाटली. आणि काकू, तुम्हाला नियम आहे म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. तसा नियम न्हाई.”

अण्णांनी डावा हात कळफलकावर ठेवला. यादी नव्हती. त्यांना अक्षर न् अक्षर शोधून टाकावे लागत होते. ‘मा’ उमटले. बोट फिरत राहिले. ‘ही’. पुन्हा फिरत राहिले. एवढे छोटे वाक्य व्हायला इतका वेळ लागला, की पूर्वी त्यांना तेवढ्या वेळात दहा वाक्ये बोलता आली असती. हणमंत प्रत्येक अक्षराबरोबर तिथे उभा होता. अखेर पडद्यावर पूर्ण झाले, ‘माहीत आहे.’

तो बाईंकडे पाहू लागला. प्रमिलाबाई म्हणाल्या, “अरे, चार वर्षांपूर्वीसुद्धा एकदा बोर्ड जळाला होता. अप्पांनीच बदलला. तेव्हा काही एक गेलं नव्हतं. तू दुकानात नियम म्हणालास तेव्हाच कळलं मला.”

“मग तिथं का बोलला न्हाई, काकू?”

“चार माणसं उभी होती रे. तुला रोज तिथं बसायचं असतं.”

आदल्या दिवशी आपली अब्रू एकट्या अप्पांनी राखली, असे हणमंत समजत होता. ज्यांचे घर त्याने मुके केले, त्यांनीही ती राखली होती. ओरडले असते, हाकलून दिले असते, तर त्याला बरे वाटले असते. तो मटकन खाली बसला आणि त्याने लाल वही उघडली. त्यात पानोपानी मोटारींची चित्रे आणि वेढ्यांचे आकडे होते. शेवटच्या मोटारीनंतरचे पान कोरे होते. तिथे त्याने तारीख घातली.

“काकू, तुम्ही नऊ वर्षं हे वाचत होता. जेवढं आठवतंय तेवढं सांगा.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारची बैठक सुरू झाली. रोज दोन तास, दुकानातून परवानगी घेऊन. अण्णा दोन अक्षरे टाकत, प्रमिलाबाई वाक्य सांगत, अण्णा मान हलवून हो किंवा नाही म्हणत. हणमंत आधी वहीत लिहून घेई आणि मगच यंत्रात टाकी. बाईंना आश्चर्यकारक आठवत होते. पुष्कळदा वाक्य उमटण्याआधी, नुसती अक्षरे पाहूनच त्या कामाला लागत असत, हे त्यांच्याही आता लक्षात आले. ‘मीज’ म्हणजे ‘मीठ जास्त झालंय.’ ‘मीक’ म्हणजे ‘मीठ कमी आहे.’ बाई म्हणाल्या, “बरोबर असतं तेव्हासाठी काही केलेलंच नाही, बघ.” अण्णा तोंड वाकडे करून हसले.

पाचव्या दिवशी अण्णांनी ‘तूजे’ ही अक्षरे टाकली. प्रमिलाबाईंनी उठून खिडकीचा पडदा विनाकारण सारखा केला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तू जेवलीस का. रोज दुपारी विचारायचे. मी आधी यांना भरवते ना, म्हणून.”

हणमंताने ते लिहून घेतले.  नऊ वर्षे रोज विचारलेला एक प्रश्न त्याने काही मिनिटांत पुसला होता, आणि ते करताना तो शीळ घालत होता, हे त्याला नेमके आठवले. कुणाला सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. त्याने ती तेव्हा कुणालाच सांगितली नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गाडी अडू लागली. अण्णा अक्षरे टाकत, बाई आठवू पाहत, कपाळाला हात लावत. काही अक्षरे तर अण्णांनाच आठवेनाशी झाली होती. दुपार गेली तरी वहीत दोन-तीनच ओळी पडत. अशाच एका दुपारी अप्पाही आले. वहीत साडेसहाशे वाक्ये झाली होती.

अण्णांनी पेल्यावर चमचा वाजवला, सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि ‘प्रल’ टाकले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटले, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’

मग ते थांबले नाहीत. पुढचे वाक्य यादीत नव्हते, ते अक्षर न् अक्षर टाकत राहिले. तिघे उभे होते. प्रमिलाबाई प्रत्येक शब्द पुरा होताच मोठ्याने वाचत गेल्या. ‘हणमंत… ही गाडी… उशिराने का होईना… फलाटावर लागली आहे.’

बाई हसल्या. अप्पांनी चष्मा काढला. हणमंताने लाल वही चेहऱ्यासमोर धरली आणि ती बराच वेळ खाली घेतली नाही. क्षमा मिळाली की लाज जाते, असे लोक म्हणतात. त्याची गेली नाही. ती फक्त आता त्याला पळवत नव्हती, जागेवर बसवत होती.

परतताना रस्त्यात त्याने विचारले, “अप्पा, उरलेली साडेचारशे?”

“ती गेली.”

“पुन्हा न्हाई येणार?”

“नाही. ती तू मोजली नव्हतीस, आणि मी तुला मोजू दिली नव्हती.”

 दुकानात आल्यावर हणमंताने वही परत ट्रंकेत टाकायची म्हणून पिशवीत ठेवली, तेव्हा अप्पांनी ती काढून घेतली आणि टेबलावर पेचकसांशेजारी ठेवली. त्यानंतर त्या दुकानात यंत्र उघडण्याआधी वही उघडू लागली, आणि अप्पाही आपल्या कामाच्या नोंदी तिच्यातच लिहू लागले. वहीला वार्निशचा वास येत असे.

आपणही रोज कुणाची ना कुणाची पाटी कोरी करायला निघतो. घरात आलेल्या सुनेची, हाताखाली आलेल्या माणसाची, कधी आपल्या म्हाताऱ्या वडिलांची. तार कापण्याआधी वेढे मोजावेत.